गालातला घास

१८ जानेवारी, रविवार. सकाळपासून मी बोरं चिरून बिया काढत बसले होते. बोरन्हाणाला बोरं अख्खीच हवीत, असं आमच्या मजल्यावरच्या सगळ्या बायकांचं मत. पण पाच वर्षांखालची पोरं जमिनीवरून मिळेल ते तोंडात घालतात आणि बी कुणाच्या घशात अडकली तर धावपळ मलाच करावी लागणार. उसाचे करवे हातात धरून चोखता येतील असे लांब ठेवले. शेंगदाणे आणि रेवड्या मोठ्यांसाठी वेगळ्या काढल्या.

"हे बोरन्हाण आहे की तपासणी?" नवऱ्याने विचारलं.

मी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात तयार मालाची तपासणी करते. खोट कुठे असेल ते आधी बघायचं, ही सवय घरी आल्यावर चपलांबरोबर काढून ठेवता येत नाही. त्याला म्हटलं, "तू खुर्च्या आण."

बोरन्हाण नातीचं होतं. माझ्या मुलीची मुलगी, एप्रिलमध्ये चार पूर्ण होतील. आधीची तिची बोरन्हाणं कल्याणला, तिच्या वडिलांच्या घरी झाली. यंदाचं मी डोंबिवलीला मागून घेतलं. मुलगी आणि जावई दोघं सकाळी आठला घर सोडतात, ते अंधार पडल्यावर परत येतात. नात दिवसभर विहीणबाईंकडे, म्हणजे जावयाच्या आईकडे असते. विहीणबाई हौशी. काळा फ्रॉक त्यांनीच शिवला होता, हलव्याचे दागिनेही स्वतः केले होते. मला ते जमलं नसतं, आणि तसं मी त्यांना सांगितलंही.

चार वाजता शेजारची सगळी पोरं गोळा झाली. औक्षण झालं. मी नातीच्या डोक्यावरून चुरमुरे, बोरं, करवे, हलवा ओतला आणि पोरांनी लूट सुरू केली. काही मिनिटं नुसता आरडाओरडा. एकाच्या दोन्ही गालांत बोरं, एकीने फ्रॉकच्या घेरात ऊस भरलेला आणि तरी ती दुसऱ्याच्या हातातला ओढत होती. आमची नात मात्र मांडी घालून बसली होती. बोरं एका बाजूला, ऊस दुसऱ्या बाजूला, हलवा पुढ्यात. सगळं नीट लावलं आणि मग एकेक उचलून इतर पोरांना देऊ लागली.

"काय शिस्तीची पोर आहे हो!" समोरच्या काकू म्हणाल्या. "आमच्याकडची बघा, दरोडेखोर."

नातीने वर बघून मला काहीतरी सांगितलं. त्यात आ होता, ओ होता, ई होती. व्यंजन मला एकही ऐकू आलं नाही.

"काय म्हणतेय?" काकूंनी विचारलं.

"'आजी, हे ओलं आहे' म्हणतेय," विहीणबाई लगेच म्हणाल्या. "फार गोड बोबडं बोलते."

"अहो, मराठीच बोलतेय ना?" काकू हसल्या. बाकीच्याही हसल्या. माझी मुलगी हसली नाही. ती उठून आत गेली.

मला ते खटकलं, पण फोटो काढायचे होते. नातीचा चेहरा हलव्याने चिकट झाला होता. ओला रुमाल घेऊन मी तो पुसायला लागले, तर उजव्या गालाला काहीतरी टणक लागलं. मला वाटलं, सूज आहे. दाढ वगैरे काही दुखत असेल. "आ कर बघू," म्हटलं. तिने मुकाट्याने आ केला. मी बोट घातलं.

गाल आणि हिरडी यांच्यामध्ये चुरमुऱ्यांचा लगदा घट्ट बसला होता. तो काढला, तर मागून बोराची फोड आली. अख्खी, सालीसकट. त्याच्याही मागे एक पांढरा कण होता, आणि तो खोबऱ्याचा होता. खोबरं मी बोरन्हाणात घातलंच नव्हतं. ते सकाळी कल्याणहून निघताना कुणीतरी प्रसाद म्हणून हातावर ठेवलेलं. तेव्हापासून ते तिच्या गालात होतं.

मी तळहातावर तो गोळा घेऊन तशीच बसून राहिले. नात माझ्याकडे बघत होती. ती रडली नाही, लाजली नाही. मी तिचा दुसरा गाल तपासेन म्हणून तिने तोंड उघडंच ठेवलं होतं. म्हणजे हे तिच्या रोजच्या ओळखीचं होतं. कुणीतरी रोज असंच बोट घालून तिचा गाल रिकामा करत होतं.

त्याच वेळी स्वयंपाकघरात मिक्सर सुरू झाला.

मी आत गेले. मुलगी ओट्यापाशी उभी होती. मिक्सरवर चटणीचं छोटं भांडं होतं, पण ते माझं नव्हतं. त्यात मी सकाळी केलेली गुळपोळी, वरून दूध, त्यावर वरणभात. सगळं एकत्र फिरून पातळ तपकिरी रंगाचं झालं होतं.

"हे काय करतेयस?"

"तिचं जेवण."

"आणि हे भांडं?"

"घरून आणलंय. तुझ्या भांड्याला लसणाचा वास येतो. मग ती खात नाही."

बोरन्हाणाला निघताना माणूस काळा फ्रॉक घेतो, दागिने घेतो. माझी मुलगी मिक्सरचं भांडं पिशवीत घालून आली होती.

"अगं, चार वर्षांची होईल ती. दात आहेत ना सगळे?"

"आई, प्लीज. आता नको. बाहेर माणसं आहेत."

विहीणबाई आत आल्या. वाटी उचलली, नातीचा हात धरला आणि आमच्या झोपायच्या खोलीत गेल्या. दार लोटून घेतलं. हे मी यापूर्वी कितीतरी वेळा पाहिलं होतं. चारचौघांत भरवलं की पोरीला दृष्ट लागते, असं त्या म्हणायच्या. प्रत्येक सणाला, प्रत्येक लग्नात नात आधी आतल्या खोलीत जेवायची आणि मग बाहेर यायची. मी कल्याणला गेले की "ती आत्ताच जेवली" असायचं. माझा दृष्टीवर विश्वास नाही. पण मुलीच्या सासरच्या ताटात लक्ष घालायचं नाही, हे माझ्या आईने मला शिकवलं होतं, आणि ते मात्र मी निमूट पाळत आले होते. त्यांच्या दृष्टीमुळे आणि माझ्या रीतीमुळे, दोन स्टेशनांपलीकडे राहणारी नात जेवते कशी, ते मी एकदाही पाहिलं नव्हतं.

त्या दिवशी मी दार ढकललं.

नात उशीला टेकून अर्धी आडवी पडली होती. समोर मोबाइलवर कार्टून. विहीणबाई चमचा पुढे न्यायच्या, तोंड उघडायचं, चमचा आत जायचा, मान जराशी मागे व्हायची आणि घास गिळला जायचा. ओठ मिटायचे नाहीत. जबडा हलायचा नाही. टपालपेटीत पत्रं टाकावीत तसं चाललं होतं. वाटी बघता बघता संपली.

"बघा," विहीणबाई म्हणाल्या, "काही त्रास नाही पोरीचा."

रिकामी वाटी मी त्यांच्या हातातून घेतली आणि बाहेर आले.

माणसं गेल्यावर मी मुलीला गॅलरीत गाठलं. ती आधी चिडली. "डॉक्टर म्हणतात वजन छान आहे. वाढ छान आहे. तू एक दिवस बघितलंस आणि..." मग एकदम थांबली. म्हणाली, "शाळेतून डबा भरलेला परत येतो. आता डब्याऐवजी सगळं पातळ करून बाटलीत देतो. मागच्या आठवड्यात बाईंनी बोलावून सांगितलं, मुलगी वर्गात बोलत नाही, बोलली तर कळत नाही, पोरं हसतात म्हणून आता बोलायचंच बंद केलंय. पुढच्या वर्षी वरच्या वर्गात घ्यायचं की नाही ते बघू म्हणाल्या."

"आणि हे तू मला आज सांगतेयस?"

"तू काय म्हणाली असतीस ते मला माहीत होतं ना. आईंना बोलली असतीस."

आई म्हणजे विहीणबाई. बोलले असते, यात शंका नव्हती.

आमच्या कारखान्यात पॅकिंगला असणाऱ्या एकीचा मुलगा ठाण्याला टेंभी नाक्यामागे एका स्पीच थेरपिस्टकडे जायचा. सोमवारी तिच्याकडून नंबर घेतला आणि गुरुवारची वेळ मिळवली. थेरपिस्टने फोनवर दोनच गोष्टी सांगितल्या: आधी मुलीच्या कानांची तपासणी करून या, आणि तिला रोज जी भरवते ती बाई आलीच पाहिजे. कानांची तपासणी बुधवारी झाली, ऐकू नीट येत होतं. विहीणबाई मात्र यायला तयार नव्हत्या. गुडघे दुखतात, घरी गॅसवाला यायचाय, उपास आहे. शेवटी जावई म्हणाला, "आई, तू येणार नसशील तर आम्हीही जात नाही." तेव्हा त्या निघाल्या.

थेरपिस्ट तिशीची, जीन्स घातलेली. आम्हाला खुर्च्या दिल्या आणि स्वतः जमिनीवर नातीसमोर बसली. नातीला छोट्या खुर्चीत ताठ बसवलं, पाय खाली टेकत नव्हते म्हणून पायाखाली पाट दिला. मोबाइल माझ्या मुलीला पर्समध्ये ठेवायला लावला. मग आमच्या डब्यातल्या पोळीला तूप लावलं, तिची बोटाएवढी मऊ पट्टी कापली आणि ती समोरून न देता तोंडाच्या एका कडेने, थेट दाढांच्या मध्ये धरली.

"चाव."

नात चावली. म्हणजे तिने दात एकदम घट्ट आवळले आणि ते सुटेनात. थेरपिस्टने हनुवटीखाली हलकासा हात दिला, तेव्हा तोंड उघडलं, तेही थेट आ वासून. पुन्हा चावली तर जबडा बाजूला सरकला. मी समोर बसून बघत होते आणि माझा स्वतःचा जबडा दुखायला लागला.

"मोडलेलं काही नाही," थेरपिस्ट म्हणाली. "पण हिच्या जबड्याला दोनच जागा माहीत आहेत. पूर्ण उघडा, नाहीतर पूर्ण बंद. मधे कुठे थांबायचं, किती जोर लावायचा, हे चावून चावून येतं. तिला चावायला कधी मिळालंच नाही."

"आणि बोलणं?" मुलीने विचारलं.

"चावायला लागली की बोलेल, असं मी सांगणार नाही. ते वेगळं शिकवावं लागेल, आरशासमोर, एकेक आवाज घेऊन. पण बोलतानाही जबडा थोडा उघडून तिथे धरावा लागतो. तो धरता येत नसेल तर जीभ आणि ओठ त्यांचं काम कसं करणार? दोन्ही बरोबर चालू करू. मिक्सर एकदम बंद करायचा नाही, नाहीतर उपाशी राहील. रोज थोडं जाड ठेवायचं. आणि रोज जेवणाआधी, भूक असताना, पट्टी. आधी डावीकडे, मग उजवीकडे. शेजारी बसून आपणही चावायचं, तिला दिसेल असं."

मग ती विहीणबाईंकडे वळली. "आता तुम्ही द्या, आजी."

विहीणबाईंनी पट्टी हातात घेतली. नातीच्या तोंडापर्यंत नेली आणि तिथेच त्यांचा हात थरथरायला लागला. थोडाथोडका नाही, मनगटापासून. बांगड्या वाजायला लागल्या. पट्टी खाली पडली. त्यांनी दोन्ही हात पदरात घेतले.

"माझ्या हातून नाही व्हायचं," त्या म्हणाल्या.

"अहो, त्यात काय एवढं?" मी म्हटलं.

"काय एवढं?" त्या माझ्यावर उसळल्या. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. "तुम्ही बघितलंय का, पोर निळं पडताना? माझ्या या हातांनी भाकरीचा तुकडा दिला होता तिला. वर्षाची पण नव्हती. घरात कुणी नाही. आवाज येईना, श्वास येईना. उलटी धरली आणि पाठीत मारत सुटले. दार उघडायला पण सुचलं नाही. तुकडा पडला तेव्हा मी खाली बसले ती उठलेच नाही."

जावई आईकडे बघत होता. त्यालाही माहीत नव्हतं.

"आई, तुम्ही आम्हाला सांगितलं नाहीत?" माझी मुलगी म्हणाली.

"सांगितलं असतं तर तू नोकरी सोडली असतीस," विहीणबाई म्हणाल्या. "नुकती तर परत लागली होतीस. म्हटलं, मीच सांभाळते. बारीक करून दिलं की काही होत नाही. मग दात आले, तरी धीर होईना. लोक विचारतील म्हणून आत नेऊन भरवायचे. दृष्ट-बिष्ट मी पण मानत नाही हो."

शेवटचं वाक्य त्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं.

रविवारी तळहातावर तो लगदा घेऊन बसले होते तेव्हा मला वाटलं होतं, याहून मोठा धक्का काय असणार. गुरुवारी कळलं. मी चार दिवस या बाईला मनातल्या मनात अडाणी, लाडावून ठेवणारी, हट्टी अशी एकेक विशेषणं लावत होते. आणि ही बाई तीन वर्षं रोज प्रत्येक घासाला तोच तुकडा बघत होती, आणि माझी मुलगी कामावर जात राहावी म्हणून तोंड मिटून बसली होती.

"मग दुसरं कुणी भरवेल," जावई म्हणाला.

"कोण?" थेरपिस्टने विचारलं. "तुम्ही आठला जाता. यांचा कारखाना. दुपारी, चारला, कोण आहे घरात? आजीच आहेत. आजींची भीती गेली नाही तर इथे येऊन काही उपयोग नाही. पंधरा दिवसांनी परत मिक्सर." मग उठली आणि कपाटातून एक मोठी बाहुली काढली. "आजी, तेव्हा तुम्ही घाबरलात, तरी पोर वाचवलीत. आता नीट शिका, म्हणजे घाबरणार नाही. चार वर्षांच्या मुलाला उलटं धरायचं नाही. खोकत असेल तर खोकू द्यायचं, तोंडात बोट घालून शोधायचं नाही. आवाजच बंद झाला तर असं पुढे वाकवायचं, आणि पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मध्ये, तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने मारायचं. त्याने नाही सुटलं तर पुढचं दाखवते."

विहीणबाईंनी बाहुलीला थोपटलं.

"अहो, तिला झोपवायचं नाहीये," मी म्हटलं. "जोरात! माझ्या जावयावर कधी राग आला असेल तो काढा."

"तुमच्या जावयावर होय?" त्या म्हणाल्या, आणि बाहुलीला असा फटका दिला की तिची मान लटकली. जावई मागे सरकला. नात खदखदून हसली. मग तिलाही मारायचं होतं. मग मी मारलं, मुलीने मारलं, जावयाने मारलं. पुढचं, म्हणजे मागून कवेत घेऊन पोटावर दाब देणंही सगळ्यांनी करून पाहिलं. थेरपिस्टने विहीणबाईंना पुन्हा पुन्हा करायला लावलं, बांगड्या मागे सारून, घाम येईपर्यंत. पट्टी मात्र त्यांनी त्या दिवशी पुन्हा हातात घेतली नाही. निघताना मला म्हणाल्या, "बाहुलीला मारणं वेगळं."

ते खरंच होतं.

घरी आल्यावर मी कारखान्यात फोन करून उद्या उशिरा येईन म्हणून कळवलं. शुक्रवारी सकाळी ठाण्याच्या उलट्या दिशेला, पत्रीपुलावरून रिक्षाने कल्याणला गेले. मुलगी आणि जावई नुकतेच बाहेर पडले होते. विहीणबाईंनी दार उघडलं. मी का आले ते त्यांनी विचारलं नाही. मी चप्पल काढली, हात धुतले आणि ओट्यावरची ताजी पोळी घेऊन तिच्या पट्ट्या कापल्या. बैठकीतला पाट उचलून नातीच्या पायाखाली ठेवला. मग समोर बसले आणि एक पट्टी कडेने माझ्या दाढेखाली घालून चावू लागले. नात बघत राहिली. दुसरी पट्टी ताटलीत होती. तिला मी हात लावला नाही. तो लावू नये म्हणून दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले, कारण माझा काय भरवसा.

विहीणबाई उभ्याच होत्या. मिक्सरमध्ये दूधपोळी होती. त्यांनी तो फिरवला आणि नेहमीपेक्षा लवकर बंद केला. मग येऊन बसल्या. डावा हात नातीच्या पाठीवर, बरोबर दोन्ही खांद्यांच्या मध्ये ठेवला. उजव्या हाताने पट्टी घेतली. बांगड्या वाजत होत्या.

पहिली नातीने थुंकून टाकली. दुसरी हाताने बाहेर ओढली. तिसरी दाढेत राहिली. जबडा मिटला, अडकला, सुटला, पुन्हा मिटला. नात खोकली. विहीणबाईंचा हात पाठीवर ताठ झाला. मी मांडीखालून हात काढला नाही. खोकला आपोआप थांबला, आणि नातीने परत चावलं.

"संपलं?" मी विचारलं. तिने आ केला. मी आता हात काढला, गालात बोट फिरवलं आणि तुकडा बाहेर काढला. गिळलेला नव्हताच. पण त्याच्या दोन्ही बाजूंना दातांच्या खुणा होत्या, खोल, वेड्यावाकड्या.

तो मी तळहातावर घेऊन विहीणबाईंपुढे धरला. त्यांनी कपाटावरून चष्मा आणला, लावला आणि नीट बघितलं.

"उद्या पोळी जरा अजून मऊ करते," त्या म्हणाल्या.

मी हात धुतले आणि कामाला गेले.